उजेड कमी, पट्टे खरे

गोंदिया जिल्ह्यात डिसेंबरातला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. मुंबईत त्या वेळी अर्ध्या तासाचं ऊन शिल्लक असतं. घड्याळ दोन्हीकडे एकच, रेखांशांत मात्र सुमारे साडेसात अंशांचा फरक. पुण्या-मुंबईहून कॅमेरे घेऊन येणाऱ्या मंडळींना हा हिशेब चोरखमाऱ्याच्या फाटकातून आत शिरल्यावर पहिल्याच दुपारी कळतो. जिप्सी निघते तेव्हा रस्ता लख्ख उन्हात असतो. चार वाजून गेले की साग, ऐन, बिजा, धावडा आणि बांबूच्या बेटांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडायला लागतात, आणि दिवसभर दडून बसलेली जनावरं हालचाल करू लागतात ती नेमकी त्यानंतर. अंधार पडायच्या आत फाटक गाठायचं असतं. म्हणजे उत्तम दर्शन आणि अपुरा उजेड यांची गाठ शेवटच्या पाऊण तासातच पडते. त्या पाऊण तासातल्या फोटोंचं पुढे संगणकावर काय होतं आणि काय व्हायला हवं, याबद्दल हे लिहितो आहे.

चोरखमारा तिरोडा तालुक्यात येतं. गावाजवळ मातीच्या बांधाचा मोठा तलाव आहे. तलावांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात धानाच्या बांध्यांना पाणी देणारा असा तलाव दिसला नाही, असं गाव विरळाच. तलावापलीकडे नागझिऱ्याचं जंगल सुरू होतं. नागझिरा अभयारण्य १९७० चं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. पुढे आजूबाजूची अभयारण्यं जोडून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मराठी वाचकाला हे जंगल आधी पुस्तकांतून भेटलं. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’, किरण पुरंदरे यांचं ‘सखा नागझिरा’, आणि नवेगावात अनेक वर्षं वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींचं लेखन. या मंडळींचं हत्यार वही आणि पेन्सिल. वहीला उजेड थोडा कमी पडला तरी चालतो. कॅमेऱ्याला चालत नाही.

समोरच्या पडद्यावर आत्ता अशीच एक रॉ फाइल उघडी आहे. रस्त्याच्या कडेला थबकलेला रानकुत्रा, वेळ पाच वाजून वीस मिनिटं. आयएसओ ६४००, शटर १/२५०, अ‍ॅपर्चर एफ ५.६. अख्खी चौकट पाहिली तर फोटो सुरेख आहे. शंभर टक्क्यांवर मोठा केला की चित्र पालटतं. पाठीवरचे तांबूस केस करड्या-पिवळ्या कणांत विरघळलेले, कानाची कड रवाळ, आणि पोटाखालच्या सावलीत जांभळे-हिरवट डाग. कानाच्या कडेवरचे कण एकाच रंगाचे, फक्त कमी-जास्त उजळ. हा झाला उजळपणातला नॉइज. सावलीतले डाग रंगीत, तो रंगातला. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत. एकच पट्टी सरकवून दोन्ही घालवायला गेलं की कुत्रा मेणाचा होतो.

हा रवाळपणा येतो कुठून? बहुतेकांचं ठाम मत असतं की आयएसओ वाढवल्यामुळे. हे मत खोडायलाच हवं, कारण त्यापायी जंगलात चुकीचे निर्णय घेतले जातात. नॉइजचं मुख्य कारण आहे कमी उजेड. प्रकाश सुट्या कणांनी येतो, आणि ते कण सेन्सरवर ठरल्या लयीत पडत नाहीत. पहिल्या पावसाच्या तुरळक थेंबांत अंगणात शंभर सारख्या वाट्या मांडून ठेवल्या, तर मिनिटभराने कुठे पाच थेंब सापडतील, कुठे बारा. तासभर सर कोसळली की सगळ्या वाट्या जवळपास सारख्या भरलेल्या दिसतील. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ही अशी एक वाटी आहे. गणित सरळ आहे: सरासरी जितके कण येतात त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार असतो. दहा हजार कण आले तर चढउतार शंभराचा, म्हणजे एक टक्का. डोळ्याला तो जाणवतही नाही. शंभरच कण आले तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. सोळा आले तर चाराचा. एकाच रंगाच्या कातडीवर शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांत पाव हिश्शाचा फरक. फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांनी अशा तुरळक घटनांचं गणित १८३७ मध्ये मांडलं, तेव्हा छायाचित्रणाची कला जेमतेम जन्माला येत होती.

आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एकही जास्तीचा कण पडत नाही. जे आलं ते फक्त मोठं करून दाखवलं जातं. नॉइजच्या धास्तीने आयएसओ ८०० वर अडवून काळपट फोटो काढायचा आणि घरी तीन स्टॉप उजळायचा, यात काहीच वाचत नाही. काही कॅमेऱ्यांत दोन्ही निकाल सारखे येतात. काहींत सेन्सर वाचणाऱ्या सर्किटचा स्वतःचा नॉइजही सोबत उजळतो आणि निकाल आणखी बिघडतो. अंधारात आयएसओला घाबरू नये. घाबरावं ते हललेल्या फोटोला, कारण नॉइजवर औषध आहे, हललेल्या फोटोवर फारसं नाही.

त्यामुळे नॉइज कमी करण्याचं निम्मं काम जिप्सीतच होतं. जनावर उभं असेल तर १/२५० कशाला? बीनबॅग दाराच्या कडेवर नीट दाबून बसवली तर १/६० वरही स्वच्छ फोटो मिळतो. दोन स्टॉप म्हणजे चौपट प्रकाश, आणि चौपट प्रकाश म्हणजे नॉइजचं प्रमाण निम्मं. बीनबॅग रिकामी आणावी आणि इथे आल्यावर तांदळाने भरावी. गोंदियात तांदळाला काय तोटा? इंजिन चालू असलं की हे सगळं पाण्यात. जिप्सीची थरथर लांब लेन्समध्ये कित्येक पटींनी दिसते. इथले अनुभवी गाइड स्वतःहूनच चालकाला सांगतात, “बंद कर नं भाऊ गाडी.” एकामागून एक पाच-सात फ्रेम घ्याव्यात, त्यांतली एखादी हमखास स्थिर निघते. आणि हिस्टोग्राम शक्य तितका उजवीकडे ठेवावा, फक्त उजळ भाग जळू देऊ नये. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळतात. सावलीच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं.

तलावाच्या फोटोला आणखी एक सोय आहे. बांध, पाणी, पलीकडचं रान यांपैकी काही पळून जात नाही. तिवईवर कॅमेरा ठेवून एकाच दृश्याच्या सोळा फ्रेम काढल्या आणि संगणकावर त्यांची सरासरी घेतली, तर नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. इथेही तेच वर्गमूळ. खगोलशास्त्रज्ञ हे कैक वर्षं करत आले आहेत. पुण्याच्या आयुकाची जुन्नर परिसरात गिरवलीला दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांत सेन्सर थंड ठेवतात, कारण ऊबदार सेन्सर उजेड नसतानाही खोटी नोंद करतो. झाकण लावून काढलेल्या काळ्या फ्रेम मूळ चित्रातून वजा करतात, आणि मग अनेक चित्रं एकत्र करतात. आपल्या कॅमेऱ्यातला ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ हा पर्याय त्यांतल्या वजाबाकीचीच घरगुती आवृत्ती. अर्ध्या मिनिटाचा फोटो काढल्यावर कॅमेरा आणखी अर्धा मिनिट गप्प राहतो, तो बिघडलेला नसतो; शटर मिटून काळी फ्रेम घेत असतो. चांदण्यांच्या फोटोंना त्याचा उपयोग आहे. रानकुत्र्याला नाही.

आता संगणकापाशी येऊ. रॉ फाइल म्हणजे सेन्सरने मोजलेले कच्चे आकडे. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने स्वतःच्या अंदाजाने नॉइज पुसून, कडा ताणून, प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्यांत बसवून दिलेलं असतं. पुसलेलं परत आणता येत नाही. रॉमध्ये निर्णय आपला. पण रॉमध्ये रंगही अर्धेमुर्धेच असतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटनुसार सेन्सरवर रंगीत गाळण्यांची जाळी बसवतात: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात. म्हणजे एका पिक्सेलचा चढउतार अंदाज करताना शेजारीही पसरतो, आणि सुट्या कणांचे डाग होतात. मावळतीच्या तांबूस उजेडात निळा प्रकाश मुळात कमी. व्हाइट बॅलन्स नीट करताना सॉफ्टवेअर निळ्याचे आकडे गुणून वाढवतं, त्याबरोबर निळ्याचा नॉइजही वाढतो. रानकुत्र्याच्या पोटाखालचे जांभळे डाग तिथून आलेले आहेत.

म्हणूनच नॉइजचं काम अगदी सुरुवातीला, रॉ उलगडतानाच करावं. रंग, काँट्रास्ट, सावल्या उचलणं हे सगळं नंतर. आधी कडा ताणल्या की सॉफ्टवेअर कणांनाच केस समजतं आणि त्यांना धार लावतं. लाइटरूमसारख्या प्रोग्रॅममध्ये रॉ उघडल्यावर रंगातल्या नॉइजची पट्टी आधीच २५ वर असते, उजळपणाची शून्यावर. या मांडणीमागे विचार आहे. रंगीत डाग डोळ्याला खुपतात आणि ते घालवताना तपशील फारसा जात नाही, कारण आपला डोळा बारीक तपशील उजळपणावरून वाचतो. उजळपणाच्या पट्टीला मात्र हात आखडता घ्यावा. रानकुत्र्याच्या फाइलवर ती वीसच्या आसपास नेली तेव्हा पार्श्वभूमीतलं गवत शांत झालं आणि पाठीचे केस जागेवर राहिले. चाळीसवर केस चिकटले. साठवर कानातली लव गेली. मग मास्क वापरून पार्श्वभूमीला जास्त आणि जनावराला कमी, अशी वाटणी केली. मोकळ्या आकाशाला किंवा पुसट झाडोऱ्याला जपण्यासारखा तपशील नसतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे फुकट मिळणारे प्रोग्रॅमही हे काम उत्तम करतात. डार्कटेबलमध्ये तर अनेक कॅमेऱ्यांचा नॉइज कोणत्या आयएसओला किती असतो याची मोजमापं आधीच भरलेली आहेत.

या पट्ट्यांमागचं शास्त्र गेल्या वीस वर्षांत पार बदललं. पूर्वी सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेई. कण जात, कडाही जात. २००५ मध्ये बुआदेस, कोल आणि मोरेल यांनी वेगळी कल्पना मांडली: शेजारी नको, सारखा शोधा. चित्रात दूर कुठे तरी असाच गवताचा तुकडा असेल तर त्याच्याशी सरासरी घ्या. लवकरच फिनलंडमधल्या संशोधकांनी अशा सारख्या तुकड्यांचे गठ्ठे करून गाळण्याची पद्धत आणली. मग आलं न्यूरल नेटवर्क. नॉइज असलेल्या आणि नसलेल्या चित्रांच्या असंख्य जोड्या दाखवून संगणकाला शिकवायचं, की असा रवा दिसला की खाली साधारण असं असतं. डीएक्सओने २०२० मध्ये, अ‍ॅडोबीने एप्रिल २०२३ मध्ये असं साधन थेट रॉ उलगडण्याच्या टप्प्यावरच बसवलं. आयएसओ १२,८०० चा फोटो एका बटणावर ८०० चा वाटावा इतका फरक पडतो. हे मोठं काम आहे. महागड्या एफ २.८ लेन्स ज्यांच्या आवाक्यात नाहीत, त्यांच्या हातात पहिल्यांदाच संध्याकाळ आली आहे.

मात्र ‘साधारण असं असतं’ या दोन-तीन शब्दांपाशी थांबायला हवं. जुनी पद्धत तपशील पुसत होती, आणि पुसलेलं दिसत होतं. नवी पद्धत पुसलेल्या जागी नवा तपशील भरते, आणि तो पटण्यासारखा असतो. संध्याकाळच्या एका वाघाच्या फोटोवर ते मी जवळून पाहिलं. मागच्या मांडीवर दोन पट्टे खाली येतात आणि त्यांच्यात एक बारीक, फिकट दुवा आहे. रॉमध्ये तो कणांत लपलेला, पण आहे. लागोपाठच्या तीन फ्रेममध्ये त्याच जागी दिसतो. साधन पूर्ण जोराने चालवलं तेव्हा दोन्ही पट्टे रेखीव, काळेभोर झाले आणि दुवा नाहीसा झाला. मध्ये छान केशरी केस उगवले. कुणाला दाखवला असता तर दुसराच फोटो उजवा ठरला असता. जोर अर्ध्यावर आणला तेव्हा दुवा परत दिसू लागला.

भिंतीवर लावायच्या फोटोत एका दुव्याने बिघडत नाही. नागझिऱ्यात बिघडतं, कारण इथे वाघाची ओळख पट्ट्यांवरच ठरते. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे. म्हणून कॅमेरा ट्रॅप रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जोडीने लावतात. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात तारेला अडखळून आपोआप फोटो काढणारा कॅमेरा वापरला आणि १९२७ च्या पुस्तकात ते फोटो छापले, तेव्हाच वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. उल्हास कारंत यांनी नागरहोळेत नव्वदच्या दशकात त्यावर मोजणीचं शास्त्र उभं केलं. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले; त्यांत वाघाचे ७६,६५१. एवढ्या फोटोंची जुळणी करायला संगणक वाघाच्या शरीराच्या त्रिमित आकृतीवर पट्टे पसरून ताडून पाहतो, आणि शेवटी माणूस खातरजमा करतो.

नागझिऱ्याचा ‘जय’ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला. महाराष्ट्रभर गाजलेला हा वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला, आणि त्यानंतर कुठे मोठा नर दिसला की लोक फोटो काढून विचारत राहिले, हा जय तर नव्हे? अशा प्रश्नाचं उत्तर पट्टेच देऊ शकतात. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, एप्रिल २०२४ मध्ये तिसरी. त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. कॉलरची बॅटरी काही काळाने संपते; पट्टे जन्मभर तेच राहतात. आणि कॉलर नसलेल्या, नव्याने येऊन गेलेल्या वाघाची पहिली बातमी पुष्कळदा पर्यटकाच्या कॅमेऱ्यातूनच मिळते. त्या फोटोत संगणकाने उगवलेले पट्टे असतील तर नोंदवहीत जंगलात नसलेला वाघ शिरेल, किंवा असलेला निसटेल.

अंधारावर दुसरा उपाय म्हणजे स्वतःचा उजेड नेणं. मुंबईच्या नयन खानोलकरांनी आरेच्या वस्तीतल्या बोळातून चालत येणारा बिबट्या कॅमेरा ट्रॅप लावून टिपला, आणि २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागात तो पहिला आला. त्यामागे चिकाटी होती आणि जागेची ओळख होती. सफारीतल्या पाहुण्याने फ्लॅश काढायचा नसतो. जनावराला त्रास देऊन मिळवलेला स्वच्छ फोटो मला नको. याच स्पर्धेत अंतिम फेरीतल्यांकडून मूळ रॉ फाइल मागतात. नॉइज घालवायला त्यांची ना नाही. चित्रात जे नव्हतं ते आणायला आहे.

छापण्यासाठी तर एवढी पुसापुशी लागतही नाही. सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो अंकाच्या पानावर सात इंचांत बसवला तर इंचाला तीनशेच्या हिशेबाने २,१०० पिक्सेल पुरतात. रुंदीतले जवळपास तीन आणि उंचीतले तीन, असे नऊ पिक्सेल मिळून एक होतात, आणि नॉइज आपोआप तिसऱ्या हिश्शावर येतो. शंभर टक्क्यांवर डोळे खुपसून जो रवा तासभर घासला, तो कागदावर दिसणारच नव्हता. आधी छपाईच्या मापात फोटो बघावा, मग ठरवावं. थोडा रवा राहिला तर राहू द्यावा. गुळगुळीत सावलीपेक्षा रवाळ सावलीत संध्याकाळ जास्त खरी वाटते. ट्राय-एक्स फिल्मवर वाढलेल्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं.

वाघाच्या फोटोबाबत मी एक शिस्त पाळतो, आणि इथे येणाऱ्या प्रत्येकाने ती पाळावी असं मला कळकळीने वाटतं. डीनॉइज केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवायची आणि मूळ रॉला हात लावायचा नाही. ती दोन डिस्कवर. फोटो वनखात्याला द्यायचा तर सुंदर केलेली प्रत द्यायची नाही. रवाळ, काळपट, जशी आली तशी रॉ फाइल द्यायची, लागोपाठच्या सगळ्या फ्रेमसकट, कारण एकीत लपलेला पट्टा दुसरीत सापडतो. सोबत तारीख, वेळ, रस्ता आणि कूस डावी की उजवी, एवढं लिहायचं. ठिकाण फक्त त्यांनाच सांगायचं. समाजमाध्यमांवर फोटो टाकण्याआधी फाइलमधली जीपीएसची नोंद काढून टाकायची.